काठाशीं अडलेलें गणित

दिवाळीपूर्वीच्या झाडलोटींत घरांतला विजेचा पंखा पुसावयाची पाळी आली म्हणजे एक गोष्ट दरवर्षीं दृष्टीस पडते, आणि दरवर्षीं आपण तिच्याकडे दुर्लक्ष करतों. जीं पातीं उन्हाळाभर गरगर फिरत होतीं, ज्यांच्या वाऱ्यानें टेबलावरचे कागद उडून खोलीभर होत होते, त्यांच्याच अंगावर धुळीचा बारीक थर खुशाल बसलेला असतो. कागद उडविणाऱ्या वाऱ्याला धुळीचा कण कां उडवितां येऊं नये?

उत्तर एका वाक्यांत सांगण्याजोगें आहे. पात्याला अगदीं लागून असलेली हवा पात्याबरोबरच फिरते. तिच्या आणि पात्याच्या मध्यें वेगाचा फरकच नसतो. म्हणून त्या अत्यंत पातळ थरांत दडलेल्या कणापर्यंत वारा पोंचत नाहीं. परंतु हें एक वाक्य निःशंकपणें उच्चारण्यास युरोपांतील गणितज्ञांना सुमारें दीडशें वर्षें लागलीं. या इतिहासाकडे वाचकांचें लक्ष वेधावें असें आम्हांस वाटतें, याचें कारण असें कीं, येथें अडचण मूळ नियमांची नव्हती. नियम लवकरच सांपडले होते. गाडें अडलें तें काठाशीं.

काठ म्हणजे काय, हें आधीं स्पष्ट केलें पाहिजे. वाहत्या पाण्याचीं समीकरणें सांगतात तें एवढेंच कीं, पाण्याच्या प्रत्येक कणाची गति त्याच्या शेजारच्या कणांशीं अमुक प्रकारें निगडित आहे. पंक्तीला बसलेल्या प्रत्येकानें शेजाऱ्याकडे पाहून हात चालवावा, असा नियम केल्यासारखें हें आहे. पंक्तीच्या मध्यावर नियम उत्तम चालतो. पण टोकाला जो बसला, त्यानें कोणाकडे पाहावें? त्याच्या शेजारीं भिंत आहे. तेव्हां टोकाच्या माणसाकरितां निराळी आज्ञा द्यावी लागते, आणि ती आज्ञा चुकली तर सगळी पंगतच चुकते. गणितांत हिला काठाची अट म्हणतात. ती मूळ समीकरणांतून निघत नाहीं. निसर्गाला विचारूनच ती घ्यावी लागते.

आरंभ एका पारितोषिकापासून झाला. बर्लिनच्या अकॅडमीनें 1750 च्या पारितोषिकासाठीं विषय दिला होता: प्रवाही पदार्थ त्यांतून जाणाऱ्या वस्तूला जो विरोध करतात, त्याची उपपत्ति. पॅरिसच्या दालांबेर यानें निबंध पाठविला. हा मनुष्य मोठा विलक्षण. 1717 सालीं पॅरिसमधील एका चर्चच्या पायऱ्यांवर टाकून दिलेलें हें मूल एका कांचकाम करणाऱ्याच्या बायकोनें वाढविलें, आणि त्या चर्चचेंच नांव त्याला मिळालें. पुढें फ्रान्समधील पहिल्या प्रतीच्या गणितज्ञांत त्याची गणना झाली. अकॅडमीनें मात्र पारितोषिक कोणासच दिलें नाहीं. उपपत्ति प्रयोगांशीं ताडून दाखवा, असें तिनें सर्व स्पर्धकांना सांगितलें. दालांबेर रागावला. त्यानें निबंध परत घेतला आणि 1752 सालीं पॅरिसला स्वतंत्र ग्रंथ म्हणून छापला.

अकॅडमीची मागणी अवाजवी होती असें आम्हांस वाटत नाहीं. कारण त्या गणिताच्या पोटांत एक भयंकर निष्कर्ष दडलेला होता. 1768 सालीं दालांबेरनें स्वतःच तो उघडपणें मांडला. स्थिर वेगानें वाहणाऱ्या प्रवाहांत एखादी वस्तु धरली, तर पाण्याचा दाब तिच्या तोंडावर जितका पडतो तितकाच पाठीवरही पडतो. पुढचा दाब तिला मागें लोटतो, मागचा पुढें लोटतो, आणि बेरीज शून्य होते. म्हणजे नदींत रोवलेल्या खांबाला नदीचा रेटा नाहीं! पाण्यांत नुसता हात घातलेल्या पोरालाही जें खोटें म्हणून कळतें, तें निर्दोष गणितानें सिद्ध होत होतें. दालांबेरला कोठें चूक सांपडली नाहीं, आणि हें कोडें त्यानें पुढच्या भूमितिज्ञांवर सोंपविलें. आपल्या गणिताचा असा पराभव स्वतःच जाहीर करणारे लोक थोडे. त्याबद्दल त्याला मान दिला पाहिजे.

मध्यंतरीं, 1755 सालीं, ऑयलर यानें बर्लिनच्या त्याच अकॅडमीपुढें प्रवाही पदार्थांचीं समीकरणें अशा सुंदर आणि व्यापक रूपांत मांडलीं, कीं आजही तीं त्याच रूपांत शिकवितात. त्यांत पाण्याचें आपल्याआपल्यांतलें घर्षण धरलेलें नव्हतें. काठाची अटही एकच होती: पाणी भिंतींत शिरत नाहीं. भिंतीच्या अंगानें तें हवें तसें घसरत जावो, त्यास कोणाचा मज्जाव नव्हता. आणि घर्षणच नाहीं म्हटल्यावर दुसऱ्या अटीला गणितांत जागाही नव्हती.

येथून विद्येचे दोन तट पडले. कालवे, नळ, बंधारे बांधणारे इंजिनियर मोजमापें घेऊन आपलीं कोष्टकें बनवीत राहिले. गणितज्ञ खांबाला न ढकलणाऱ्या नदीचें सूक्ष्म गणित करीत राहिले. दोघांनींही एकमेकांकडे पाठ फिरविली. दालांबेरचें मन मात्र खात असावें. 1775 सालीं बोस्यू आणि काँदोर्से यांना बरोबर घेऊन त्यानें पॅरिसमध्यें पाण्यांतून होड्यांचे नमुने ओढून विरोध मोजण्याचे प्रयोग केले. विरोध अर्थात् होताच.

आतां भिंतीकडे वळूं. 1800 सालीं कूलों यानें (विजेच्या नियमामुळें ज्याचें नांव शाळेंतल्या मुलांनाही ठाऊक असतें तोच हा) एक धातूची चकती तारेला टांगून पाण्यांत आंदोलित केली, आणि तीं आंदोलनें किती लवकर मंद होतात हें पाहिलें. मग चकतीला त्यानें चरबी चोपडली; नंतर त्या चरबीवर वालुकाश्माची पूड भुरभुरली. गुळगुळीत, तुळतुळीत आणि खरखरीत अशा तिन्ही पृष्ठांवर विरोध जवळजवळ तितकाच भरला. पाणी पृष्ठावरून घसरत असतें, तर चरबीनें फरक पडावयास पाहिजे होता. तो पडला नाहीं, यावरून घर्षण पाणी आणि धातु यांच्यामध्यें नसून पाणी आणि पाणी यांच्यामध्यें आहे असा तर्क सहज निघतो. किती साधा हा प्रयोग! परंतु त्याचा अर्थ कोणीं पुरतेपणीं मनावर घेतला नाहीं.

1822 सालीं नाव्हिए यानें समीकरणांत हें अंतर्घर्षण घातलें. नाव्हिए स्वतः पूल बांधणारा इंजिनियर होता. सेन नदीवर त्यानें एक झुलता पूल रचला. तो पुरा होत आला असतां 1826 सालीं जवळचा पाण्याचा मोठा नळ फुटून पाया हलला, आणि सबंध पूल उतरवून टाकावा लागला. पाण्यानें त्याच्यावर असा सूड उगविला म्हणावें, तर त्याच्याइतकी पाण्याची सेवा करणारे तरी किती होते? असो. अंतर्घर्षण आल्याबरोबर समीकरणांची जात बदलली, आणि भिंतीपाशीं एक अट पुरेनाशी झाली. भिंतीच्या अंगानें पाण्याचा वेग किती, हेंही आतां सांगणें भाग होतें. नाव्हिएनें सांगितलें कीं, पाणी भिंतीवरून थोडेंसें घसरतें, आणि ही घसरण तेथील वेगाच्या चढाच्या प्रमाणांत असते. त्याच्यापुढें झिरार याचे तांब्याच्या व कांचेच्या बारीक नळ्यांवरचे प्रयोग होते, आणि त्यांत धातूप्रमाणें फरक दिसला होता. झिरारचें स्वतःचें मत तिसरेंच होतें: भिंतीला पाण्याचा एक निश्चल थर चिकटून बसतो, आणि बाकीचें पाणी त्या थरावरून घसरतें. अशा रीतीनें तीन मतें झालीं. पाणी खिळतें, पाणी घसरतें, किंवा खिळलेल्या पाण्यावरून पाणी घसरतें.

पुढील प्रसंग आम्हांस या सर्व कथेंत अत्यंत चटका लावणारा वाटतो. 1845 सालीं केंब्रिजच्या पंचविशींतल्या स्टोक्स यानें तींच समीकरणें अधिक भक्कम पायावर पुन्हां उभारलीं. भिंतीपाशीं वेग शून्य, ही अट त्याला सर्वांत नैसर्गिक वाटत होती. तिच्या आधारें त्यानें लांब सरळ नळांतून किती पाणी जाईल याचें गणित केलें, आणि फ्रेंच इंजिनियरांच्या जुन्या मापांशीं तें ताडून पाहिलें. मुळींच जमेना. प्रामाणिक मनुष्यानें करावें तेंच त्यानें केलें. अटीविषयीं त्याच्या मनांत शंका शिरली, आणि त्यानें निकाल दिला नाहीं. वास्तविक त्याचें गणित बरोबर होतें आणि अटही बरोबर होती. चुकली होती ती कसोटी. मोठ्या नळांतून वेगानें जाणारें पाणी सरळ थराथरांनीं जात नाहीं, तें आंतल्या आंत घुसळत जातें. आणि स्टोक्सचें गणित शांत प्रवाहाचें होतें. उपपत्ति प्रयोगाशीं ताडा असें आपण नेहमीं ऐकतों, आणि तें खरेंच आहे. परंतु कोणत्या प्रयोगाशीं, हें त्याहून कठीण आहे.

बरोबर कसोटी त्या वेळीं अस्तित्वांत होती, पण ती एका डॉक्टराच्या टिपणांत. पॅरिसच्या प्वाझय या वैद्याला केशवाहिन्यांतून रक्त कसें वाहतें हें समजून घ्यावयाचें होतें. त्यासाठीं त्यानें केसाहूनही बारीक भोकाच्या कांचेच्या नळ्यांतून पाणी सोडून वर्षानुवर्षें मापें घेतलीं. त्याला आढळलें कीं, नळीचा व्यास निम्मा केला तर पाणी निम्मे नव्हे, पाव नव्हे, तर सोळावा हिस्सा येतें. म्हणजे प्रवाह व्यासाच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणांत असतो. 1839 सालीं हागेन या जर्मन इंजिनियरानें पितळी नळ्यांवर स्वतंत्रपणें हेंच पाहिलें. हा चतुर्थ घात भिंतीपाशींचा वेग शून्य धरला तरच शुद्ध येतो. पाणी घसरत असतें, तर त्यांत तिसऱ्या घाताची भेसळ झाली असती, आणि इतक्या बारीक नळ्यांत ती लपली नसती. रक्ताचा विचार करणाऱ्या वैद्यानें गणितज्ञांच्या भांडणाचा निवाडा नकळत करून ठेविला होता. 1860 सालीं हागेनबाख यानें प्वाझयच्या नियमाची उपपत्ति या अटीवरून मांडून दाखविली. स्टोक्सनें तत्पूर्वींच, लंबकाच्या आंदोलनांना हवेचा किती अडथळा होतो या 1851 सालीं छापलेल्या निबंधांत, भिंतीपाशीं वेग शून्य ही अट पत्करली होती.

शांत आणि घुसळता यांतला भेद 1883 सालीं मँचेस्टरच्या ऑस्बोर्न रेनल्ड्स यानें डोळ्यांना दाखविला. कांचेच्या नळींत रंगाचा एक बारीक धागा सोडला. वेग कमी असतां तो शेवटपर्यंत सरळ राहिला, वेग वाढवितां एका मर्यादेवर तो एकदम विसकटून नळीभर पसरला. घरांतला दीड सेंटिमीटर व्यासाचा नळ घेतला, तर ही मर्यादा सेकंदास सुमारें 13 सेंटिमीटर वेगापाशीं येते. तेव्हां सकाळीं बादली भरतांना आपल्या नळांतून येणारें पाणी बहुधा घुसळलेलेंच असतें, आणि बिचाऱ्या स्टोक्सला असल्याच पाण्यानें फसविलें.

तरीही दालांबेरचें कोडें होतें तेथेंच राहिलें. कोणी म्हणेल, घर्षण धरलें कीं विरोध आलाच. मग कोडें कसलें? परंतु हवेचें व पाण्याचें अंतर्घर्षण इतकें अल्प आहे, कीं जहाजाच्या किंवा पक्ष्याच्या गणितांत तें सोडून देणें हें कोणाही शहाण्याला योग्य वाटावें. सोडलें तर विरोध शून्य येतो; ठेवलें तर समीकरणें सुटत नाहींत. आणि घर्षण जवळजवळ शून्य असणें हें अगदीं शून्य असण्याहून इतकें निराळें कां, हें कोणासही सांगतां येईना.

तें सांगितलें लुडविग प्रांट्ल यानें. न्यूरेंबर्गच्या यंत्रकारखान्यांत नोकरीस असतां, लांकडाचा भुसा व ढलप्या हवेनें ओढून नेणारें यंत्र सुधारण्याचें काम त्याच्याकडे आलें. नळ हळूहळू रुंद करीत नेला म्हणजे हवेचा वेग उतरून दाब चढावा, असें पुस्तक सांगत होतें. प्रत्यक्षांत दाब चढेना. हवा नळाची भिंत सोडून मधूनच निघून जात होती. यंत्र त्यानें दुरुस्त केलें, पण हवा भिंत कां सोडते हा प्रश्न मनांत घेऊनच तो हॅनोव्हरला प्राध्यापक म्हणून गेला. तेथें त्यानें पाण्याचा एक पाट तयार केला. हातानें दांडा फिरवावा, चक्रानें पाणी वाहतें करावें, त्यांत चकाकणारे बारीक खनिजकण टाकावे, आणि प्रवाहाच्या रेघा पाहाव्या, एवढीच सामग्री.

ऑगस्ट 1904 मध्यें हायडेलबर्ग येथें गणितज्ञांची तिसरी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. 29 वर्षांच्या प्रांट्लला तेथें सुमारें दहा मिनिटें मिळालीं. छापील निबंध आठ पानांचा. त्यांतला विचार असा: भिंतीपाशीं वेग शून्य आहे आणि थोड्याच अंतरावर तो पुरा आहे. घर्षण कितीही अल्प असो, वेगाचा हा चढ अत्यंत पातळ थरांत उरकावयाचा असल्यानें तो इतका उभा होतो, कीं त्या थरांत घर्षणाला दुर्लक्षितां येत नाहीं. थराबाहेर ऑयलरचें घर्षणहीन गणित बिनदिक्कत चालवावें. थरांत घर्षण ठेवावें, परंतु थर पातळ असल्यामुळें तेथें समीकरणें सोपीं होतात. लुगड्याचें अंग एका विणीचें, काठ दुसऱ्या विणीचा, आणि दोन्ही एकमेकांत गुंतविलेले, असा हा प्रकार. घर्षण शंभरपट कमी केलें तर थर दहापट पातळ होतो. पण नाहींसा कधींच होत नाहीं. सेकंदास 1 मीटर वेगानें वाहणाऱ्या पाण्यांत गुळगुळीत फळी धरली, तर तिच्या अग्रापासून पाव मीटरावर या थराची जाडी सुमारें अडीच मिलिमीटर भरते. आज यालाच सीमास्तर म्हणतात.

आतां कोडें सुटतें तें असें. गोल खांबाच्या पुढच्या अर्धावर पाणी उतारावरून आल्याप्रमाणें वेग घेतें, मागच्या अर्धावर दाब चढत असल्यामुळें त्याला चढण लागते. बाहेरचें पाणी, घाट उतरून भरधाव आलेल्या गाडीप्रमाणें, पूर्ववेगाच्या बळावर हा चढ चढून जातें. सीमास्तरांतलें पाणी मात्र भिंतीशीं घासून आधींच दमलेलें असतें. तें चढावर थांबतें, मागें फिरतें, आणि बाहेरच्या प्रवाहाला भिंतीपासून ढकलून देतें. मागें भोंवरे माजतात. पाठीवर जो दाब यावयाचा तो येत नाहीं. बेरीज शून्य राहत नाहीं. प्रांट्लनें त्याच वेळीं असेंही दाखविलें कीं, खांबाच्या अंगाला फट ठेवून हें दमलेलें पाणी आंत शोषून घेतलें, तर प्रवाह भिंतीला धरून राहतो.

परिषदेंत फारशी खळबळ उडाली नाहीं. फेलिक्स क्लाइन यानें त्याच वर्षीं त्याला गटिंगेनला आणलें, तेथें ब्लाझियुस या शिष्यानें सपाट फळीच्या सीमास्तराचें गणित 1908 सालीं छापलें, आणि तरीही पुढें कित्येक वर्षें ही विद्या जवळजवळ त्या एका गांवापुरतीच राहिली. तिचा प्रत्यय यावयास एक वाद कारण झाला. 1912 च्या सुमारास पॅरिसच्या आयफेलनें (मनोऱ्याच्या कर्त्यानें उतारवयांत हवेच्या विरोधाचा अभ्यास आरंभिला होता) गोळ्याला होणाऱ्या हवेच्या विरोधाचा जो गुणांक काढला, त्याच्या दुपटीहून अधिक तो गटिंगेनला भरत होता. एकाची तरी चूक असलीच पाहिजे असें प्रथम वाटलें. चूक कोणाचीच नव्हती. वेग निराळे होते. अधिक वेगावर सीमास्तर स्वतःच घुसळूं लागतो, बाहेरचा ताजा वेग आंत ओढून घेतो, आणि दमलेला थर चढावर अधिक दूर जातो. भोंवऱ्यांचा पट्टा अरुंद होऊन विरोध एकदम घटतो. 1914 सालीं प्रांट्लनें गोळ्याभोंवतीं मुद्दाम एक बारीक तारेचें कडें बसविलें. अडथळा वाढविला, आणि विरोध कमी झाला!

ज्यांच्या घरीं क्रिकेटचें वेड आहे त्यांनीं हें कडें ओळखलें असेलच. नव्या चेंडूची शिवण तिरपी धरून फेंकली, कीं एका अंगाचा सीमास्तर शिवणीनें घुसळला जातो व चेंडूला अधिक काळ धरून राहतो. दुसऱ्या अंगाचा शांत असतो व लवकर सुटतो. चेंडू बाजूला वळतो. शिवाजीपार्कवरच्या पोराला प्रांट्लचें नांव ठाऊक नसतें, पण चेंडूची एक बाजू विजारीला घासून चकचकीत ठेवावी हें तो विसरत नाहीं.

प्रांट्लची विद्या पुढें विमानाच्या पंखांत, जहाजांत, वाफेच्या चक्रांत सर्वत्र शिरली. नाझी राजवटींत जर्मनीच्या विमानसंशोधनाच्या अग्रभागीं तो राहिला, हेंही इतिहासानें लपवूं नये. 1953 सालीं तो वारला. गणितज्ञांनीं त्याच्या युक्तींतून एक निराळी शाखाच काढली: जेथें एखादी अल्प राशि शून्य धरतांच प्रश्नाची जात बदलते, अशा प्रश्नांची. दुधांतलें थेंबभर विरजण वजनांत धरण्याजोगें नसतें म्हणून सोडून दिलें, तर दही लागत नाहीं. तसाच हा प्रकार.

काठाची भीति मात्र अद्याप गेलेली नाहीं. 2000 सालीं अमेरिकेंतील क्ले संस्थेनें सात प्रश्नांस प्रत्येकीं दहा लक्ष डॉलरांचें पारितोषिक लाविलें. त्यांत नाव्हिए-स्टोक्स समीकरणांचा एक प्रश्न आहे, आणि तो आजवर सुटलेला नाहीं. त्याची मांडणी पाहिली तर मौज वाटते. तेथें भिंतच नाहीं. पाणी अनंत अवकाशांत पसरलेलें, किंवा सर्व दिशांना तेंच तेंच पुन्हां येणारें घ्यावें, असें सांगितलें आहे.

आणि नाव्हिए? विरळ वायु भिंतीवरून खरोखरच घसरतो, हें 1879 सालीं मॅक्सवेल यानें गणितानें दाखविलें. पुढें पाण्याला न भिजणारीं, अत्यंत गुळगुळीत पृष्ठें करतां येऊं लागलीं, आणि तीं पारखण्याचीं साधनेंही तितकींच सूक्ष्म झालीं. तेव्हां असें दिसून आलें कीं, तेथें पाणीही थोडें घसरतें. ही घसरण मोजावयाची लांबी कांहीं नॅनोमीटर, फार तर कांहीं दशक नॅनोमीटर भरते. आणि नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटराचा दहालक्षावा भाग. प्वाझयच्या सर्वांत बारीक नळींतही ती कधीं दिसली नसती. ती मोजण्याकरितां जें सूत्र वापरतात, तें 1822 सालचें नाव्हिएचेंच आहे.